दशरथ मेजर आणि मुकी गाडी

दशरथ मेजर गाडीतून उतरले की कोणाशी बोलत नसत, पाणी मागत नसत, डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढत नसत. थेट शेडच्या भिंतीवर टांगलेल्या पाटीपाशी जात आणि खडूने एक आकडा लिहीत. ट्रॅकची फेरी किती सेकंदांत झाली, हा त्यांचा अंदाज. मग माझ्याकडे वळून म्हणत, "ताई, आता तुमचं मशीन काय म्हनतंय ते सांगा." माझं मशीन म्हणजे गाडीत बसवलेलं यंत्र आणि त्याला जोडलेला लॅपटॉप. ते सेकंदाचाही शंभरावा भाग मोजतं. त्याच्या आणि मेजरांच्या आकड्यात अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक पडलेला मी चार वर्षांत पाहिला नव्हता. नवी होते तेव्हा मला वाटलं, हा माणूस कुठेतरी घड्याळ लपवतो. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "खिसं बी बघून घ्या, मनात काही ठिवू नका."

आमचा ट्रॅक सुप्याच्या पुढे, माळरानावर. कंपन्या आपल्या गाड्या बाजारात आणण्याआधी इथे पळवून बघतात. मी मूळची कोल्हारची, इंजिनिअर, माझं काम आकडे जमवायचं. मेजरांचं काम गाडी चालवायचं आणि ती कशी वाटली ते सांगायचं. मेजर म्हणजे काही खरे मेजर नव्हेत. आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. ते मात्र नव्या माणसाला पहिल्याच भेटीत खुलासा करायचे, "हवालदार हाय मी. मेजर लोकांनी केलंय, सरकारनं न्हाई." मला मॅडम म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही, म्हणून मी ताई.

फौजेत ते रणगाडा चालवायचे. फेरीची वेळ नेमकी कशी कळते असं मी विचारलं तेव्हा त्यांनी तिथलंच सांगितलं. "आत बसल्यावर दिसतंय काय? एका फटीतून चार हात जमीन. मग कानावर चालायचं. इंजिन सांगतं किती पळालो, कुठं दमलो. गाडीला बोलू द्यावं, आपन गप ऱ्हावं." वळण घेताना ते वेगाच्या काट्याकडे कधीच बघत नसत. "वळनात काट्याकडं बघितलं की रस्ता सुटतो," असं ते प्रत्येक नव्या ड्रायव्हरला बजावायचे.

त्यांचा कान खरोखरच तसा होता. एकदा एक गाडी त्यांनी अर्ध्या फेरीतून परत आणली. मागच्या डाव्या चाकात काहीतरी खातंय म्हणाले. माझ्या लॅपटॉपवर सगळं हिरवंगार. मी जरा चढ्या आवाजातच तसं सांगितलं. चाक उघडलं तर बेअरिंग गेलेलं. मेजर मला एका शब्दाने बोलले नाहीत, डब्यातली भाकरी आणि ठेचा तेवढा पुढे केला. दोनशेच्या वेगाने गाडी पळवणारा हा माणूस घरी जायचा तो एका जुन्या मोपेडवर, मागे भाजीची पिशवी बांधून, इतका सावकाश की उसाचे ट्रॅक्टर त्यांना मागे टाकून जायचे. त्यावरून त्यांना चिडवलं की म्हणायचे, "पगार पळायचा घेतो, घरी जायचा न्हाई घेत."

गेल्या वर्षी थंडीत एका कंपनीने दोन गाड्या पाठवल्या. दोन्ही चार दारांच्या, बाहेरून घरगुती दिसणाऱ्या, पण मुळात शर्यतीच्या ट्रॅकवर पळण्यासाठी बनवलेल्या. एक पेट्रोलची, नावाजलेली. दुसरी त्या कंपनीने स्वतः बनवलेली, बॅटरीवर चालणारी. त्यांना जाणून घ्यायचं होतं की आपली बॅटरीवाली त्या पेट्रोलवालीच्या तोडीची आहे का. आठ दिवस दोघींना एकाच ट्रॅकवर पळवायचं, मी आकडे द्यायचे आणि मेजर नि आमचे दुसरे ड्रायव्हर शेख यांनी गुण द्यायचे.

पहिले दोन दिवस पेट्रोलवालीचे. मेजर खूश. तिचा आवाज पलीकडच्या वस्तीपर्यंत जायचा. पाटीवरचे आकडे नेहमीसारखे बरोबर. तिसऱ्या दिवशी ते बॅटरीवालीत बसले. गाडी निघाली ती नुसती वाऱ्यासारखी, टायरचा तेवढा सूं आवाज. फेरी संपवून मेजर आले, पाटीपुढे बराच वेळ खडू धरून उभे राहिले आणि एक आकडा लिहिला. माझ्या मशीनचा आकडा त्याहून सात सेकंदांनी कमी होता. म्हणजे मेजरांना वाटलं होतं त्याहून गाडी कितीतरी जोरात पळाली होती.

"ताई, तुमचं मशीन बिघडलं."

मशीनला कोणी काही म्हटलं की मला राग येतो. मी हातातलं घड्याळ घेऊन ट्रॅकच्या कडेला जाऊन उभी राहिले. पुढच्या फेरीला सहा सेकंदांचा फरक. त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा सात. शेख हसायला लागले, मीही हसले. "मेजर, कान साफ करून या," असंसुद्धा मी म्हणाले. मेजर हसले नाहीत. "मुकी हाय ही," एवढंच म्हणाले आणि दुपारी डबा न उघडता परत नेला.

आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. मी शिकलेली इंजिनिअर. सात सेकंद कमी याचा अर्थ काय, हे मला कळायला हवं होतं. हा माणूस प्रत्येक वळणावर स्वतःला वाटतंय त्यापेक्षा जास्त वेगाने येतोय, इतकाच त्याचा अर्थ होता. आकडा माझ्यासमोर पाटीवर होता, स्क्रीनवर होता, आणि मी थट्टा करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या फेरीत, लिंबाच्या झाडाजवळच्या वळणावर, गाडी ट्रॅक सोडून सरळ खडीत गेली आणि टायरांच्या थप्पीवर आदळली. आम्ही धावत पोचलो तोवर मेजर आपल्या पायांनी बाहेर आले होते. गाडीचा बंपर फुटला होता, त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. ते वळणाकडे बघत उभे होते. "मला वाटलं शंभरनं आलो," ते म्हणाले. मशीनवर एकशे तीस होते.

गाडी ट्रॅकबाहेर गेली की आमच्याकडे एक फॉर्म भरावा लागतो. त्यात कारणाचे तीन रकाने: गाडी, ट्रॅक, ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या रकान्यात खूण झाली की त्याचा वेगाच्या ट्रॅकचा पास जातो. तरुण असेल तर परीक्षा देऊन परत मिळतो. पंचावन्नच्या पुढे परत मिळत नाही. मेजर सत्तावन्नचे होते. पास गेला म्हणजे पळवायचं काम कायमचं संपलं.

आमचे मॅनेजर शिरसाठ साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाऱ्याने शेतातली माती ट्रॅकवर येते, नाही का? मेजरांचं रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय. बघा, काय लिहायचं ते." मला तेवढंच हवं होतं. मी ट्रॅकच्या रकान्यात खूण केली, 'वळणावर माती होती' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म मेजरांपुढे ठेवला. मला वाटलं, मी त्यांच्यावर उपकारच करतेय.

मेजरांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. मग विचारलं, "त्या वळनाचं झाडनं कोनाकडं हाय?"

"कौसाबाईंकडे."

कौसाबाई ठेकेदाराच्या माणसांपैकी. रोज सकाळी गाड्या सुटायच्या आधी लांब दांड्याचा झाडू घेऊन ती वळणं झाडायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे घर तिच्याच झाडूवर चालत होतं.

"मग माती लिव्हली की पुढचा कागद तिच्यावर निघंल."

"चौकशी होईल फक्त, मेजर."

"ठेकेदाराकडं चौकशी नसती, ताई. उद्यापासून येऊ नको म्हनतात, झालं."

मला ते सुचलंच नव्हतं. मी घाईघाईने म्हटलं, "मग गाडी लिहू या. ब्रेक नरम लागले म्हणू. नवीनच गाडी आहे, कोण बघतंय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तिनं काय केलं? मी सांगितलं तेवढंच केलं तिनं. अशानं उद्या ते लोक चांगला ब्रेक बदलून बसतील."

"तुमचा पास जाईल," मी म्हणाले.

"जाईल की," ते म्हणाले. "माझाच हाय."

मग माझ्याच हातातलं पेन घेऊन त्यांनी मी लिहिलेलं खोडलं आणि खाली शाळेतल्या पोरासारख्या गोल अक्षरात लिहिलं: 'वळणावर माती नव्हती. ब्रेक चांगले होते. वेग मला कळला नाही. चूक माझी.' सही करताना त्यांचा हात थांबला, तेवढं मी पाहिलं. चौदा वर्षं याच ट्रॅकवर काढलेल्या माणसाला काय वाटलं असेल, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. फॉर्म परत देताना एकच म्हणाले, "कौसाबाईला यातलं काई कळता कामा नये. उगं जल्मभर माझं ओझं घिऊन झाडत बसंल. शब्द द्या." मी दिला.

पास त्याच दिवशी गेला. पण गाड्यांची तुलना अर्धवट होती आणि मेजरांना अर्धवट काम आवडायचं नाही. शिरसाठ साहेबांची परवानगी काढून ते राहिलेले दिवस शेखच्या शेजारच्या सीटवर बसले, बंपर बदललेल्या त्याच गाडीत, डोळे मिटून. शेख सांगायचे, "मेजर नमाजला बसल्यासारखे गप बसतात." प्रत्येक फेरीनंतर उतरून पाटीवर आकडा लिहायचेच. साताचे पाच सेकंद झाले, पाचाचे तीन. एके दुपारी मला येऊन म्हणाले, "मुकी न्हाई ओ ती. हळू बोलती. सगळं बोलनं टायरात हाय, आन् मी इंजिनात शोधत हुतो." शेवटच्या दिवशीही दोन सेकंदांचा फरक राहिलाच. तो काही मिटला नाही. आणखी पंधरा दिवस मिळाले असते तर, असं ते म्हणाले आणि गुणांचा कागद मागून घेतला.

तो त्यांनी एक अख्खी दुपार घालवून भरला. सुटताना बॅटरीवाली कितीतरी पुढे. वळणात ती जड, तिचं वजन बाहेरच्या टायरांवर येतं, टायर लवकर खाते. पाच-सहा फेऱ्या जोरात मारल्या की बॅटरी तापते आणि जोर उतरतो, मग तिला विसावा द्यावा लागतो. पेट्रोलवाली विसाव्या फेरीलाही पहिल्यासारखीच, टाकी भरली की पुन्हा तयार. ब्रेक दोघींचे तोडीस तोड. बेरीज केली तर बॅटरीवालीला एक गुण जास्त. शेख भडकले, "जिने तुमचा पास घालवला तिला जास्त?" मेजर म्हणाले, "तिच्यावर राग काढला तर कागद खोटा व्हईल. आन् पास तिनं न्हाई घालवला." खाली त्यांनी एक सूचना लिहिली: पेट्रोलवर हात बसलेल्या ड्रायव्हरला पहिले तीन दिवस कोणीतरी वायरलेसवर वेग मोठ्याने सांगत राहावं. आज आमच्याकडे तो नियम आहे. वेग सांगायचं काम मी मागून घेतलंय.

मेजरांना गेटवरची देखरेख देऊ केली होती. त्यांनी नको म्हटलं. महिनाअखेर नारळ आणि शाल घेऊन ते मोपेडवरून गावी गेले.

त्यानंतर आठवड्याभराने शेडमध्ये चहा घेताना कौसाबाई माझ्या शेजारी येऊन टेकली. मेजरांचा विषय निघाला होता. "लई ताठा हुता बाई मेजरला," ती म्हणाली. "काट्याकडं बघत न्हाई म्हनायचा. वय झालं की मानसानं आवरावं. नवी गाडी फोडून बसला. आन् मी त्या वळनावर त्या दिशी दोनदा झाडू मारलेला. माझ्यावर आलं असतं म्हंजी? नशीब माझं, कुनी माझं नाव घेतलं न्हाई."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. चहा गरम असताना गिळला आणि उठले.

संध्याकाळी मी मेजरांना फोन लावला आणि ती काय बोलली ते शब्दन् शब्द सांगितलं. वाटलं, त्यांना वाईट वाटेल, निदान मला तरी दिलेल्या शब्दातून मोकळं करतील. त्यांनी विचारलं, "म्हंजी तिला कळलं न्हाई ना?"

"नाही."

"मग बेस झालं," ते म्हणाले, आणि ज्वारीला पाणी सोडलंय, बारं मोडून ते पुढच्या वाफ्यात घ्यायचंय, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी मात्र बराच वेळ शेडच्या पायरीवर बसून राहिले. मला रडू आवरत नव्हतं.