संजीवनीची पात

हरभऱ्याच्या पानांवर आंब, म्हणजे आंबट ओल, असते. खुरपताना ती बोटांना लागते आणि बोटांना चिरा पडलेल्या असल्या तर चांगलीच झोंबते. कन्हेरीच्या बायकांना त्याची सवय आहे. वाचनालयाच्या पुस्तकाला ती सवय नव्हती. दुपारची भाकरी झाली की संजीवनी बांधावर बसून कादंबरी उघडायची, आणि आठवडाभरात तिच्या अंगठ्याचे हिरवट ठसे पानापानावर उमटले.

ते पहिल्यांदा सोबत खुरपणाऱ्या गौहरभाभीच्या लक्षात आलं. "बुक परत करताना त्या लोकांना काय सांगशील? हरभऱ्यात वाचलं म्हणून?"

पंचेचाळिशीची संजीवनी माहेरची पळसदेवची, उजनीच्या पाण्याकाठची. सासर बारामतीजवळ कन्हेरीला. घरचं रान थोडं, त्यामुळं ती आणि तिच्या सासूबाई, गोजरबाई, दोघीही द्वारकाबाईंच्या टोळीत खुरपणीला जातात. मुलगी श्रेया औषधशास्त्र शिकते. नवरा दुधाच्या टेम्पोवर असतो. आणि संजीवनी बाहेरून एम.ए. करते. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प लिहायचा असतो. तिनं विषय घेतला होता एका घराण्याच्या कादंबरीचा: त्या घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांनी काय काय सोसलं, आणि ते स्त्रीवादी नजरेनं कसं वाचायचं. कादंबरी उशाला घेऊन झोपावं इतकी जाड. संध्याकाळी धार, स्वयंपाक, भांडी उरकली की दुसऱ्या पानावर डोळा लागायचा. म्हणून ती दुपारी बांधावर वाचायची, आणि बायका विचारायच्या म्हणून मोठ्यानं वाचायची.

ठशांचं प्रकरण द्वारकाबाईंनी मिटवलं. टोळी त्यांची, शब्द त्यांचा. "हे बघ, एक तर बुक धर न्हाय तर खुरपं धर. दोन्ही धरलंस तर बुक खराब व्हतंय आन खुरपणीबी. तू बुक धर. तुझी पात आमी काढतो."

खुरपणीला बायका ओळीनं बसतात. प्रत्येकीसमोर रानाचा एक पट्टा असतो, त्याला पात म्हणतात. ज्या बाईची पात मागं राहते तिला दिवसभर टोमणे ऐकावे लागतात. आपली पात दुसरीच्या अंगावर टाकून बसणं संजीवनीला जमेना. पहिल्या दिवशी ती दोनदा उठली आणि दोनदा तिला खाली बसवलं. मग तिनं पद्धत बसवली. खताची रिकामी गोणी अंथरून ती बायकांकडं तोंड करून, न खुरपलेल्या बाजूला बसायची. पाती पुढं आल्या की गोणी मागं सरकवायची. वारा कुठून येतोय ते बघून बसायची, म्हणजे आवाज बायकांकडं जातो. तिची पात सगळ्याजणी वाटून घेत, पण ती तिच्या शेजारचीच असल्यानं गोजरबाईंच्या वाट्याला जास्त यायची. सत्तरीला टेकलेली बाई दीड पात ओढत होती. संजीवनीच्या मनात ते रोज यायचं, आणि रोज ती पुढचं पान उलटायची.

रान सुयोगचं होतं. इंजिनिअरिंग करून तो शेतीत परत आलेला, वागायला सरळ. चौथ्या दिवशी तो मोटारसायकल लावून बांधावर उभा राहिला.

"मावशी, रोज आठ जणींचा लावलाय आणि खुरपतायत सात."

"पाती मोज," द्वारकाबाई म्हणाल्या. "आठ हायत का न्हायत?"

"आठ आहेत. पण एक बाई बसून आहे."

"बसून न्हाय, वाचतीया. घसा तिचाच दुखतोय, आमचा न्हाय."

"उद्या दुसरी म्हणेल, मी गाणी म्हणते."

"गौहरचा आवाज आईक आन मग बोल."

गौहरभाभीसकट सगळ्या हसल्या. सुयोगही हसला, पण हटला नाही. शेजारच्या रानातली माणसं त्याला विचारत होती, तुझ्याकडं शाळा भरते म्हणे. द्वारकाबाईंनी खुरपं जमिनीत खोचलं आणि म्हणाल्या, "मग रोजानं नको. सगळं रान आमाला उक्तं दे. खुरपून दिलं की पैसं. मग आमी वाचू, न्हाय तर नाचू."

उक्तं म्हणजे ठरल्या रकमेत सगळं काम अंगावर घेणं. गवत दाट निघालं, दिवस वाढले, तर तोटा बायकांचा. टोळीनं आजवर ते टाळलं होतं. कालव्याच्या बाजूच्या तुकड्यात लव्हाळा माजलेला आहे हे सगळ्यांना दिसत होतं. संजीवनी उठून म्हणाली, माझ्यापायी असलं काही करू नका. द्वारकाबाईंनी तिच्याकडं बघितलंही नाही. त्या एकेकीला विचारत गेल्या, आणि प्रत्येकीनं मान हलवली. गोजरबाईंची मान सगळ्यात आधी हलली. रक्कम ठरली, आणि दुसऱ्या दिवसापासून टोळी दिवस उगवायला रानात येऊ लागली.

वाचन रंगलं. कादंबरीतली नावं लांबलचक होती, ती कुणाच्या लक्षात राहीनात, म्हणून बायकांनी आपली नावं ठेवली: थोरली, मधली, धाकटी. आजी, सून आणि नात. मधलीचा नवरा बाहेरख्याली निघाला तेव्हा त्याला रानातून इतक्या शिव्या पडल्या की पाण्याच्या पाळीवर आलेला माणूस वाट बदलून गेला. धाकटी शाळेत पहिली आली तेव्हा गौहरभाभीनं घरून खारीक आणून वाटली.

पुढची पानं संजीवनीनं घरी आधी वाचली होती. त्यांत थोरली नातीची शाळा बंद करते. ती ओरडत नाही, मारत नाही. एका सकाळी दप्तर उचलून उंच खुंटीला अडकवते आणि पोरीच्या हातात घागर देते.

संजीवनीच्या लग्नात बारावीची परीक्षा राहिली होती. परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, नंबर आला होता, आणि नव्या सासूला तिनं विचारलं होतं, पेपर देऊ का? गोजरबाई म्हणाल्या होत्या, "गहू काढणीला आलाय." बस. त्यावर ना भांडण झालं ना रडणं. पेपरच्या सकाळी संजीवनी गव्हात होती. बारावी तिनं पुढं श्रेया पाचवीत असताना केली, मग बी.ए. केलं. त्या सकाळचा विषय दोघींमध्ये पुन्हा कधी निघाला नाही. पंचवीसहून जास्त वर्षं एका चुलीवर काढूनही नाही.

तर त्या दिवशी गोणीवर बसल्यावर संजीवनीनं ती पानं गाळली आणि धाकटी विहिरीवर आहे तिथून सुरुवात केली.

"थांब," द्वारकाबाई म्हणाल्या. "काल पोरगी साळंत हुती. आज हिरीवर कशी?"

"येईल पुढं ते."

"पुढं न्हाय, मागं राहिलं," गौहरभाभी म्हणाली. "पान उलटताना बोट घालून पुढचं उलटलंस तू. मी बघितलंय."

गोजरबाईंनी मान वर न करता पुढचं गवत उपटलं. "वाच ती. माझ्यापायी गाळू नको."

मग तिला वाचावं लागलं. घागरीपाशी आल्यावर खुरप्यांचा आवाज थांबला. संजीवनीनंही थांबून एक घोट पाणी घेतलं.

"त्या वक्ताला पोरीचा बाप कुठं हुता?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"जेवत हुता," गौहरभाभी म्हणाली. "आत्ताच वाचलं की. भाकरीवर लोणी कमी हाय म्हनत हुता."

"आन आजा?"

"त्यो पन त्याच पंगतीला."

"म्हंजी समदं घर बसलंय, आन शिव्या म्हातारीनं खायच्या."

बायकांना हे पटलं. थोरलीची कणव येऊ लागली. तिचीही शाळा कुणीतरी बंद केली असणार, तिला तरी कुणी विचारलं होतं, असं बोलणं चाललं. गोजरबाईंनी खुरप्याची माती झटकली. मग म्हणाल्या, "जेवू द्या त्यास्नी. दप्तर कुनी टांगलं? थोरलीनं. हात तिचा हुता." आणि त्या पात पुढं नेत राहिल्या.

संजीवनीनं मात्र बायकांचं म्हणणं उचललं. थोरलीवरचं प्रकरण तिनं मोठ्या मायेनं लिहिलं. थोरली ही व्यवस्थेची बळी आहे, तिच्या हातून जे घडलं ते पुरुषांच्या सत्तेनं घडवलं, ती केवळ साधन होती. पुस्तकात शिकलेलं त्यात सगळं होतं, आणि जी बाई रोज आपली पात काढते तिच्याबद्दलचं ओशाळलेपणही होतं. एका रविवारी गोजरबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "थोरलीचं काय लिवलंस? वाच की." संजीवनीनं वाचून दाखवलं.

गोजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी तिला कायबी कळत नव्हतं, आसंच म्हन की."

"तसं नाही, आत्या."

"मग कसं? साधन म्हंजी काय, खुरपंच का? खुरप्याला कळत नसतंय. थोरलीला समदं कळत हुतं. कळून केलं तिनं." त्यांनी एक खवट शेंग बाजूला टाकली. "मलाबी कळत हुतं."

संजीवनीनं हातातली पानं खाली ठेवली.

"तुझ्या सासऱ्यानं सांगितलं म्हनून न्हाय. त्यांनी काय सांगितलंच न्हाय, त्यास्नी कशाचं पडलंय. गव्हाला, धारंला, पान्याला मी एकली. ह्या घरात आल्यापास्नं एकली. तू आलीस तवा म्हनलं, जोडीला मानूस आलं. तू पेपरला गेली आसतीस, पास झाली आसतीस, तर पुढच्या साळंला गेली आसतीस. मला जोडीला मानूस पायजे हुतं."

"मला सांगायचं होतं तसं," संजीवनी म्हणाली.

"सांगितलं आसतं तर तू ऱ्हायली आसतीस?"

"नसते राहिले."

"मग."

त्या पुन्हा शेंगा निवडू लागल्या. माफी मागितली नाही. संजीवनीला ती नकोही होती, हे तिला त्या क्षणी कळलं. तिला उत्तर हवं होतं, आणि ते मिळालं होतं. 'गहू काढणीला आलाय' हे उत्तर नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. मनात तिडीक उठली ती खरी होती, आणि ह्या बाईनं आपल्यापाशी खोटं बोलायचं नाकारलं, याचं बरं वाटलं तेही खरं होतं.

प्रकरण तिनं पहिल्यापासून लिहायला घेतलं. कादंबरी पुन्हा चाळताना तिनं एक गोष्ट शोधली: थोरली सबंध पुस्तकात किती वेळा बसलेली दिसते. जवळजवळ नाहीच. कांडते, भरते, सारवते, वाढते, आणि घरात इतकी माणसं असून तिच्या कामाला दुसरा हात येतो तो फक्त सुनेचा आणि नातीचा. तिनं लिहिलं की हे ओझं कमी करायची सोय त्या घरानं एकाच प्रकारे ठेवली होती: दुसरी बाई आणायची आणि तिला अडकवून ठेवायचं. थोरलीनं ती सोय वापरली. ओझं घराचं होतं, निर्णय थोरलीचा होता. दोन्ही लिहायचं, एकानं दुसरं पुसायचं नाही.

बारामतीच्या अभ्यासकेंद्रात तिच्या मार्गदर्शक मेहजबीन शेख मॅडम होत्या, इंदापूरहून येणाऱ्या. विद्यार्थ्यांसमोर प्रकल्प मांडायचा आणि मग दुरुस्त करून द्यायचा, अशी रीत. संजीवनी स्वच्छ बोलली. आवाज तर रानात घोटलेला होता, मागच्या बाकापर्यंत पोचला. मांडणी झाल्यावर मॅडमनी विचारलं, "पहिल्या कच्च्या प्रतीत तुम्ही थोरलीची बाजू घेतली होती. आता ती काढलीत. म्हणजे तिला माफ केलेलं नाही?"

वर्गात थोडं हसू झालं. संजीवनीनं विचार केला. "माफ करणं माझ्या विषयात येत नाही, मॅडम. तिच्यावर किती काम होतं ते मी लिहिलंय, आणि तिनं काय केलं तेही लिहिलंय."

"आणि वाचकानं काय करायचं?"

"तिचं ऐकायचं. तिला काही कळत नव्हतं असं समजायचं नाही."

मॅडमनी मान डोलावली आणि प्रकरण आहे तसं ठेवायला सांगितलं. फक्त ऋणनिर्देशाचं पान राहिलंय, ते जोडा, म्हणाल्या.

ऋणनिर्देशात विद्यार्थी मार्गदर्शकांचे, आईवडिलांचे, पतीचे आभार मानतात. संजीवनीनं मॅडमचे मानले, श्रेयाचे मानले. मग तिनं लिहिलं: "ही कादंबरी मी कन्हेरीच्या रानात वाचली. मी वाचत असताना माझी पात गोजरबाई, द्वारकाबाई, गौहर आणि टोळीतल्या इतर बायकांनी काढली. त्यासाठी त्यांनी काम उक्तं घेतलं. त्यांची मी ऋणी आहे." नवऱ्यांची नावं लावली नाहीत. सासूबाई असंही लिहिलं नाही.

संध्याकाळी श्रेयानं ते पान आजीला वाचून दाखवलं. गोजरबाईंनी पुन्हा वाचायला लावलं आणि सुनेला हाक मारली.

"ह्ये चुकलंय."

संजीवनी पीठ मळत होती. हात तसेच घेऊन बाहेर आली. तिला वाटलं, पात काढल्याचं असं चारचौघांत लिहिलेलं आवडलं नसेल.

"माझं नाव पहिलं कशाला? कालव्याकडचा लव्हाळा कुनी काढला? गौहरनं. मी कडंकडंनं खुरपत हुते, माझं गुडघं वाकत नव्हतं. तिनं तुझीबी काढली आन माझीबी. तिचं नाव वर घाल. मग द्वारकाचं, उक्तं तिनं घेतलं. माझं त्येंच्याखाली."

"आजी, तू म्हातारी म्हणून आईनं पहिलं लिहिलं असेल," श्रेया म्हणाली.

"म्हातारपनाचं ऋन काढलंय का तिनं? पातीचं काढलंय."

संजीवनीनं हात धुतले आणि श्रेयाशेजारी बसून ते वाक्य नव्यानं लिहिलं: गौहर, द्वारकाबाई, गोजरबाई. गोजरबाईंना अक्षर लागत नाही, पण आपलं नाव कुठं संपतं ते त्यांनी बोट ठेवून विचारून घेतलं, आणि मग ते पान बाइंडिंगला जाऊ दिलं.