लाल वायरची गाडी

कासार आंबोलीत हनुमंत मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक पोतं. पोतं महत्त्वाचं, कारण हनुमंतचं निम्मं आयुष्य त्याच्यावर पाठ टेकून गेलं, आणि त्यातलंही निम्मं बंडोपंतांच्या प्यूजो गाडीखाली.

बंडोपंत निवृत्त प्राध्यापक, डोंगराच्या अंगाला बंगला बांधून राहिलेले. गाडी फ्रेंच, पांढरी, तीस वर्षांची. ती बनायची कधीच बंद झाली होती आणि सुटे भाग औषधालाही मिळत नव्हते. मग हनुमंतने क्लचची केबल टेम्पोची कापून बसवली, आरसा जीपचा लावला. जुन्या बाजारात लाल वायरचं भलं मोठं भेंडोळं हाती लागलं, त्यावर सगळी वायरिंग उरकली. हॉर्न लाल, दिवे लाल, पंखाही लाल. कुठली वायर कुठे जाते ते एकट्या हनुमंतच्या डोक्यात. याचा त्याला तेव्हा केवढा अभिमान! शुद्ध गाढवपणा होता तो. बावीस वर्षं ही गाडी दुसऱ्या कुणाला हात लावू देईना आणि हनुमंतला गाव सोडू देईना. मेहुणीच्या लग्नातून त्याला उठवून आणलं होतं, हातात अक्षता असताना.

आता गुडघे गेले. डॉक्टरांनी बजावलं, उकिडवं बसणं बंद, आडवं होऊन काम करणं बंद. नेमकी तेव्हाच बावधनच्या एका मोठ्या गॅरेजचे मालक निरंजन यांनी त्याला सुपरवायझरची जागा देऊ केली. टेबल, खुर्ची, रविवारी सुट्टी.

"अवो, खुर्ची मिळतीया," त्याची बायको पारू म्हणाली. "त्या गाडीच्या पाया पडा नि सुटा एकदाचं."

बंडोपंतांचा चेहरा पडला. "तू जरूर जा हनुमंता. फक्त हिच्यासाठी कुणीतरी बघून दे."

नेऱ्याचा किशोर मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं, पाच मिनिटं आत पाहिलं आणि हात पुसले. "दादा, ही गाडी तुमच्या डोक्यात चालतीया, हितं नुसता पत्रा हाय. मला न्हाई जमायचं."

मग हनुमंतने कंबर कसली. सहा रंगांच्या वायरी आणल्या आणि बावीस वर्षांचं लाल जाळं उसवायला घेतलं. पारू शेजारी बसून चिकटपट्टीवर नावं लिहायची, तो एकेक वायरला लावायचा. पोत्यावरून उठताना गुडघे असे ठणकायचे की डोळ्यांत पाणी यायचं. पण हे शेवटचं, असं तो स्वतःला सांगायचा. तेराव्या दिवशी किशोर गाडी पौडपर्यंत फिरवून आला. "आता कुनीबी करंल, दादा."

हनुमंतला इतकं हलकं वाटलं की त्याने गॅरेजही किशोरच्या हवाली केलं, पत्र्यांसकट, पोत्यासकट.

बंडोपंत तर हरखूनच गेले. त्यांनी वायरिंगचे फोटो काढून जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकले, खाली हनुमंतचं नाव आणि नंबर. "तुझं काम लोकांना कळू दे रे," ते म्हणाले. त्यांना वाटलं, पांग फेडले.

एक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून हनुमंत बावधनला पोचला. निरंजन दारातच उभे होते.

"या मामा! ग्रुपवर पाहिलं तुमचं काम. सगळे वेडे झालेत!"

खुर्ची काचेतून दिसत होती. तिच्यासमोरून निरंजन त्याला सरळ मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे तीन प्यूजो ओळीने उभ्या होत्या.

"एक माझी, दोन मित्रांच्या. साताऱ्याहून आणखी एक येतेय. सुपरवायझर काय, कुणीही मिळेल. हे करणारे तुम्ही एकटेच."

"साहेब, माझं गुडघं..."

"सावकाश करा की! घाई कुठाय?"

परत जावं तर गॅरेज किशोरचं झालेलं. गावभर पारूने खुर्चीचे पेढे वाटलेले. हनुमंतला रडावं की हसावं कळेना. त्याने पहिल्या गाडीचं बॉनेट उघडलं. कुठल्याशा शहाण्याने आतली सगळी वायरिंग पिवळ्या वायरने केली होती.

 हनुमंत इस्त्रीच्या शर्टाची बटणं सोडत म्हणाला, "साहेब, हितं एखादं पोतं हाय का?"