तीन गावांची गोलकीपर

श्रावण गजभिये सर सौंसरच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला आहेत. सकाळी वॉर्डांचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि संध्याकाळी शाळेच्या ग्राउंडवर पोरींना हॉकी शिकवायची, यातच त्यांचे केस पिकले. आपली एक तरी पोरगी राज्याच्या अकादमीत जावी, एवढीच त्यांची हाव. मी त्याच शाळेत शिकवते. टीम बाहेरगावी निघाली की पोरींसोबत जाते, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

यंदा त्यांची आशा होती अश्विनी. आईबाप दुसऱ्यांच्या संत्राबागेत मजुरीला जातात, आणि ही पोरगी गोलात उभी राहिली की समोरचीला गोल दिसेनासा होतो. अकादमीच्या वयात बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. छिंदवाड्याच्या स्पर्धेला निवड करणारे साहेब येणार होते.

पण पांढुर्णा जिल्हा झाला, तसा जिल्ह्याचा हॉकी संघही नवा झाला आणि अध्यक्ष झाले यशवंतराव, संत्र्याचे व्यापारी. हॉकीची स्टिक त्यांनी हातात धरली ती फक्त सत्काराच्या फोटोत. गोलकीपरचे पॅड, हेल्मेट हे सगळं त्यांनी सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा अशा तिन्ही गावांच्या वर्गणीतून आणवलं. झालं, तिथंच घात झाला.

मॅचच्या आधी ते सरांना म्हणाले, "श्रावण, पॅड तिन्ही गावचे हायेत. पहिल्या क्वार्टरले सौंसरची पोट्टी उभी कर, मंग लोधीखेड्याची, मंग उरलेल्या दोन क्वार्टरले पांढुर्ण्याची. पंगतीत कोणी उपाशी नाई राह्यला पाह्यजे."

"भाऊ, त्या दोघी फॉरवर्ड हायेत. गोलात कधी उभ्याच नाई राह्यल्या."

"मंग शिकव न! नाई जमत तं टीम वापस नेतो."

बाकीच्या पोरींच्या तोंडाकडे बघून सर कबूल झाले. मला असा संताप आला की काय सांगू! पण पुढच्या वर्षीच्या टीमवरही सही त्यांचीच.

पहिल्या क्वार्टरला अश्विनीनं एकही बॉल आत जाऊ दिला नाही. निवडीचे साहेब खुर्ची सोडून गोलामागे येऊन उभे राहिले. शिटी वाजली आणि सरांनी तिला बाहेर बोलावलं. पॅड एकच जोडी. दोन मिनिटांत अश्विनीच्या पायातून काढून ते लोधीखेड्याच्या भाग्यश्रीला बांधायचे होते. पट्टे सैल, हेल्मेट डोळ्यांवर. पोरगी रडवेली होऊन उभी राहिली आणि लागोपाठ गोल बसले. पांढुर्ण्याच्या पोरीच्या वेळी तर मोजायचंही कोणी मनावर घेतलं नाही.

मॅच संपल्यावर साहेब सरांकडे आले. "वो पहली वाली कीपर को क्यों बिठाया? चोट लगी क्या?"

यशवंतराव सरांच्या शेजारीच उभे होते. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. खरं कारण सांगायचं तर अध्यक्षांचं नाव घ्यावं लागणार होतं. सरांची मान खाली गेली.

"हाँ सर, पैर मुड़ गया."

"अरे! सोमवार को ट्रायल है. चोट में कैसे बुलाएँ? अगले साल देखेंगे."

पुढचं वर्ष अश्विनीला नव्हतंच. मी बोलायला पुढे झाले, तोवर यशवंतराव साहेबांना फाटकाजवळच्या टपरीवर चहाला घेऊन निघाले होते. चार पावलांवर अश्विनी उभी होती. तिनं शब्द न् शब्द ऐकला होता.

आम्ही फाटकाकडे निघालो. बघते तर काय, अश्विनी लंगडत चाललेली. सरांना वाटलं, खरंच लागलं की काय. धावत तिच्याजवळ गेले.

"काय झालं व माय? कुठी लागलं?"

"कुठीच नाई सर," ती हळूच म्हणाली. "ते साहेब अजून इकडेच पाहून राहिले. तुमी खोटे पडाल न."