‘हौ’ म्हणजे होच नव्हे

गोंदियाला गाडी बदलून मध्य प्रदेशातल्या बालाघाटला उतरले. माझी मैत्रीण शीला हिचा भाऊ दिनेश न्यायला आला होता. गवंडीकाम करणारा, लाजाळू माणूस. मी काहीही बोलले की म्हणे, "हौ." म्हटलं, वा, पुण्यात इतकं कुणाला पटत नाही माझं! घरी शीला खो खो हसली.

"अवं, हौ म्हणजे ऐकून राह्यलो. पटलंच असं नाही."

लाखोळीच्या डाळीचे गरम वडे पोटभर खाल्ले. दोन दिवसांनी दिनेश आणि मी उकव्याला, त्यांच्या मावशीकडे निघालो. बस घाटाला लागली. दोन्ही बाजूंना सालवृक्षांचं आणि बांबूचं जंगल, हवा एकदम गार. दिनेश फोनवर सांगत होता, "मावशी, येऊन राह्यलो ना वं!"

तेवढ्यात बस थांबली. पोलिसांचं तपासणी पथक चढलं. साहेब परप्रांतातला दिसत होता. तो दिनेशपाशीच थबकला.

"ये कौन-सी बोली है? कार्ड दिखा."

दिनेशचं आधार कार्ड घरी राहिलं होतं.

"सुन. बाहर के लोग घुस रहे हैं इधर."

"हौ."

"बांगलादेश से."

"हौ."

"तू भी उन्हीं में से है."

घाबरलेल्या दिनेशच्या तोंडून निघालं, "हौ."

"लो, खुद ही मान गया!"

अहो, मराठी बोलला म्हणून परदेशी? त्याची कॉलर धरून खाली उतरवलं. मीही पाठोपाठ उतरले. मी वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते, कायदा रोज कानांवरून जातो. हिंदीतून माझं तोंड सुटलं.

"अटक करताय का? मग कारण सांगा. घरी कळवू द्या, वकील बोलवू द्या. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. आणि कार्ड खिशात बाळगलंच पाहिजे असा नागरिकांसाठी कुठलाही कायदा नाही!"

साहेबानं लिहिलेला कागद दिनेशपुढे सरकवला. "साइन कर."

"वाचल्याशिवाय सही करायची नाही. आणि आता एक शब्द बोलू नकोस!"

"हौ," दिनेश म्हणाला. देवा रे! मी कपाळावर हात मारला.

कंडक्टर खाली आला. "साब, ये हमारे यहाँ का आदमी है. इसके बिना गाड़ी नहीं जाएगी." मागोमाग सगळी बस उतरली आणि रस्त्यावर ठाण मांडून बसली. आरडाओरडा नाही, काही नाही. बराच वेळ गेल्यावर साहेबानं कागद फाडला. "जाओ."

मावशीनं भात वाढला, पण दिनेश ताट बाजूला सारून माझ्याकडे वळला.

"ताई, माह्या आज्याचं घर हाय इथं. मले काहून उतरवलं?"

मला अजूनही विश्वास बसत नव्हता.

परतताना तो मला बालाघाट स्टेशनवर सोडून गेला. गोंदियाला पोचते न पोचते तोच त्याचा फोन.

"ताई, तुमचं आधार कार्ड आमच्या टीव्हीवर राह्यलं. आल्या दिवसापासून तिथंच पडून हाय."

म्हणजे त्या बसमध्ये माझ्याकडेही कार्ड नव्हतं. मला कुणी मागितलंच नव्हतं.