लिफ्टने उतरलेला घाट

सिंगापूरमध्ये घाट नाही. बुकित तिमाहची टेकडी आहे, पण ती दम लागायच्या आत संपते. त्यामुळे आम्ही नवरा-बायकोने डोंगर चढायचा सराव केला तो बुकित बातोकमधल्या आमच्या इमारतीमागच्या बहुमजली पार्किंगमध्ये.

रविवारी उजाडलं की सायकली घेऊन खाली जायचो. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत गाड्यांसाठी गोल वळत जाणारा रस्ता होता, त्यावरून पायडल मारत चढायचं. वरचे मजले त्या वेळी रिकामे असायचे. गच्चीवर पोचलो की दोन मिनिटं श्वास घ्यायचा, सायकली लिफ्टमध्ये उभ्या करून खाली यायचं आणि पुन्हा चढायचं. असं दहा वेळा. सायकल चालवतच खाली यायचंही एकदा करून पाहिलं होतं. वळणावर समोरून गाडी आली आणि आतल्या माणसाने काच खाली करून "आंटी, केअरफुल लाह!" म्हटलं. बायकोला गाडीची भीती वाटली नाही, आंटीचा राग आला. म्हणणारा तिच्याहून मोठा होता. तेव्हापासून लिफ्ट. "चढ महत्त्वाचा. उतरायला काय लागतं?" हे वाक्य माझं.

हा सगळा खटाटोप एका मित्रावरच्या रागापायी. मी जहाजावर फिटर होतो, तो कॉम्प्युटरवाला. सिंगापूरला आलो त्या वर्षी आम्ही एका खोलीत राहायचो, एकाच कुकरमध्ये भात लावायचो. पुढे मी बोट सोडली, बुकित बातोकच्या कारखान्यांच्या भागात गाळा घेतला आणि जहाजांना सुटे भाग पुरवायला लागलो. कुणी हात दिला नाही. जे मिळवलं ते घासाघीस करूनच मिळवलं. तो मॅनेजर झाला, बुकित तिमाहच्या कॉन्डोत राहायला गेला. तिथे पुण्या-मुंबईकडच्या सात-आठ जणांचा सायकलवाल्यांचा ग्रुप होता. मीही त्यात होतो. निदान मला तसं वाटत होतं. त्यांच्या चेन मी साफ करायचो, गिअर बसवायचो, ब्रेकच्या वायरी बदलायचो. एका जूनमध्ये ते सगळे स्लोव्हेनियाला जाऊन आले. डोंगरातली तळी, मध्ययुगातली दगडी गावं, आठ दिवस सायकलवर. मला कळलं ते फोनवर फोटो आले तेव्हा. ज्या चेनवर ते तिथे हिंडले, त्या मी आदल्याच आठवड्यात डिझेलमध्ये धुऊन दिल्या होत्या.

"अरे, तुझा धंदा. तुला वेळ कुठे असतो?" मित्र म्हणाला. खरं कारण त्याच्या बायकोने हळदीकुंकवाला माझ्या बायकोच्या कानात सांगितलं: "भावजी आले की हॉटेलात वाद होतो हो." मलाक्काच्या सहलीत मी हॉटेलवाल्याशी भांडलो होतो, हे खरं आहे. पण नाश्त्याचा पाव आदल्या दिवशीचा होता, हेही खरं आहे. आणि तो बाकीच्यांनी मुकाट्याने खाल्ला, हे तर फारच खरं आहे.

"आपण दोघं जाऊ," मी बायकोला म्हटलं. "तोच रस्ता. वाटेत कुठल्याही गाडीत बसायचं नाही. शेवटच्या तळ्यावर फोटो काढायचा आणि त्याला पाठवायचा."

ती मेथी निवडत होती. "येते मी. पण त्याला दाखवायला नाही येत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. निम्मी तुम्ही बोटीवर काढलीत, निम्मी गाळ्यात. मला सलग आठ दिवस तुम्ही हवे आहात. न भांडणारे."

"म्हणजे?"

"म्हणजे वाद नाही, आवाज चढवणं नाही, घासाघीस नाही. भांडण झालं की मी माझी सायकल ट्रेनमध्ये घालणार आणि पुढच्या मुक्कामाला जाऊन बसणार. तुम्ही या मागून एकटे."

मी अट खाली आणायचा प्रयत्न केला. सहा दिवस म्हटलं. दिवसातून एकदा चालेल का, विचारलं. ती मेथी निवडत राहिली. शेवटी अट विमानात बसल्यापासून लागू होईल, एवढी एकच सवलत मिळाली.

त्या सवलतीत मी घासाघीस करून बायकोसाठी सायकल घेतली. बुकित तिमाहलाच एक उंच डच बाई देश सोडून चालली होती आणि तिला सायकल विकायची होती. मी रिम पाहिली, बेअरिंग ऐकलं, टायरच्या भेगा तिला बोटाने दाखवल्या, दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. बाईने दमून बायकोला विचारलं, "हे नेहमी असेच असतात का?"

"नाही," बायको म्हणाली, "आज मूड चांगला आहे."

मुलगी लग्न होऊन पुंगोलला राहायची. तिथे पाण्याच्या कडेने सपाट रस्ता आहे, त्यावर आम्ही सामानाच्या पिशव्या लावून चालवायला शिकलो. अट ऐकून मुलगी हसत सुटली. "आई, इम्पॉसिबल लाह! बाबा तिकडच्या गाईशीसुद्धा भांडेल."

सप्टेंबरात निघालो. पहिला मुक्काम श्कोफ्या लोका नावाच्या गावात होता. नदीवर दगडी कमानीचा पूल, वर टेकाडावर किल्ला, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की दोघांच्या सायकली शेजारी मावत नव्हत्या. बायको खिडक्यांतली लाल फुलं बघत होती, मी दारांच्या बिजागऱ्या बघत होतो. काही बिजागऱ्या हाताने घडवलेल्या होत्या आणि इतक्या वर्षांनीही दार कुरकुरत नव्हतं. मी तिला एक दार ढकलून दाखवायला निघालो, तर तिने माझी बाही धरली. "अहो, लोक राहतात आत!" दिवसभर ती ते आठवून हसत होती. बोटीवर असताना मी तिला मोठाली बंदरं पत्रातून लिहून कळवायचो. हे गाव आम्ही एकाच वेळी पाहत होतो, आणि तिला काय दिसतंय ते विचारावं लागत नव्हतं, चालता चालता ती सांगत होती.

दुसऱ्या दिवशी खोलीच्या बिलात कसलासा जादा कर निघाला. मी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, आणि घरमालकिणीला म्हटलं, "फार सुंदर जॅम होता." घरमालकिणीने एक बाटली बांधून दिली. भांडून मला कधी जॅम मिळाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी खरा घाट आला. पार्किंगची मेहनत फळली. ती एका लयीत चढत राहिली, एकदाही पाय टेकला नाही. मीच दोनदा बाटलीचं झाकण घट्ट करायच्या निमित्ताने थांबलो. माथ्यावर गवताच्या उंचवट्यावर एक पांढरं चर्च होतं, मागे करड्या डोंगरांची भिंत. ती गवतात पाय पसरून बसली आणि म्हणाली, "कितवा मजला हा?" आम्ही हिशेब केला, पार्किंगच्या भाषेत. दोनशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिला.

मग उतार सुरू झाला. इथे लिफ्ट नव्हती.

रस्ता जंगलातून खाली जात होता आणि दर दोन-तीनशे मीटरला मागे वळत होता. मी पुढे होतो. तिसऱ्या वळणावर मागे पाहिलं तर ती दोन्ही ब्रेक आवळून, पाय घासत, रस्त्याच्या कडेला येऊन थांबत होती. चेहरा पांढरा पडला होता.

"थांबत नाहीये हो सायकल."

"थांबली ना आता? ब्रेक थोडा थोडा दाबायचा. सारखा धरून ठेवायचा नाही."

"दाबवतच नाही."

पुढच्या वळणावर ती जवळजवळ दरीकडे गेली. मी घाबरलो, आणि मी घाबरलो की तोंडातून जे बाहेर पडतं ते पडलं. "एवढी भित्री होतीस तर आलीस कशाला? सगळ्याची माती केलीस! त्या लोकांच्या बायका नसत्या अशा अडल्या!" खालच्या शेतात एक म्हातारी गवत ओढत होती. तिने दाताळं खाली ठेवलं आणि आमच्याकडे पाहत उभी राहिली. तिला भाषा कळायची गरज नव्हती.

बायको उतरली आणि सायकल हातात धरून चालू लागली. मी मात्र निघून गेलो. हे लिहायला मला आजही जड जातं. तिला त्या उतारावर सोडून मी तरातरा खाली गेलो.

खाली लोहारांचं गाव होतं. घरांच्या मधून पाण्याचा ओढा पळत होता, त्या पाण्यावर एके काळी भाते चालायचे, आणि शेकडो वर्षं या गावाने फक्त खिळे घडवले. एरवी मी तिथे दिवसभर रमलो असतो. एका खिडकीत खिळे मांडून ठेवले होते, बोटाएवढ्यापासून हातभर लांबीपर्यंत. मी ते दोनदा पाहिले. दाखवायला कुणी नव्हतं.

तासाभराने ती आली. ओढ्यावर वाकून हात धुतले, तेव्हा तिचे तळवे दिसले. बोटांच्या मुळाशी लालभडक वळ उठले होते. मी तिची सायकल घेतली आणि ब्रेकच्या दांडीवर बोटं टेकवून पाहिली. माझीसुद्धा जेमतेम पोचत होती. ती डच बाई सहा फुटी, सायकल तिच्या लांब बोटांना लावलेली. बायकोची बोटं दांडीच्या टोकाला कशीबशी अडकत होती, जोर लागणार कसा? दांडी जवळ आणायला एक बारीक स्क्रू असतो. दोन आटे फिरवले की झालं. मी रिम पाहिली होती, बेअरिंग ऐकलं होतं, सगळ्या ग्रुपच्या सायकली लावून दिल्या होत्या, आणि बायकोचा हात दांडीवर कधी ठेवून पाहिला नव्हता. पार्किंगमध्ये आणि पुंगोलच्या सपाट रस्त्यावर तिला ब्रेकची फारशी गरज पडली नव्हती, म्हणून तिनेही कधी तक्रार केली नव्हती.

मी स्क्रू फिरवला. माफी मागायला तोंड उघडलं, आणि निघालं ते, "मी कुणाशी भांडलो नाही हं."

"माझ्याशी?"

"ते काय, आपलं घरातलं."

"म्हणजे बाहेरच्यांना जॅमची स्तुती आणि घरातलीला हे," ती म्हणाली. "उद्या ट्रेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानशा चढ-उतारांवरून ब्लेडच्या तळ्याकडे निघालो, ट्रेन तिथूनच मिळणार होती. पहिल्याच उतारावर ती म्हणाली, "ब्रेक जवळ आलेत."

"हं."

"सिंगापूरला जमलं नसतं हे?"

"जमलं असतं," मी म्हटलं. "चुकलंच माझं."

तिने मान डोलावली. पण अट म्हणजे अट. माझी बायको माझ्यासारखी भाव कमी-जास्त करत नाही.

स्टेशन तळ्याच्या वरच्या अंगाला होतं. खाली हिरवं पाणी, मधोमध बेट, बेटावर चर्चचा मनोरा. इथून शेवटचं तळं बोहिनचं, नदीच्या घळीतून वर. मित्राचा ग्रुप ते सगळं अंतर सायकलवर गेला होता. परत आल्यावर त्याने मला ते दोनदा ऐकवलं होतं, मी त्याच्या सायकलचं चाक सरळ करत असताना. मला तो फोटो हवा होता. त्याच्यासाठीच मी इथवर आलो होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

"तुम्ही जा सायकलने," ती म्हणाली. "मी तळ्यावर भेटते." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

दोन डब्यांची गाडी आली. पायऱ्या उंच होत्या. मी तिची सायकल उचलून आत ठेवली, पट्ट्याने बांधली, ओढून पाहिली. ती आत येऊन उभी राहिली. गार्डने मला खुणेने विचारलं, आत की बाहेर? माझी सायकल फलाटावर भिंतीला टेकून उभी होती. पंचवीस किलोमीटर, फार तर दोन तास. आठातले चार दिवस उरले होते.

मी खाली उडी मारली. बायकोने मान वळवून तळ्याकडे पाहिलं. मी माझी सायकल उचलली आणि तिच्या सायकलीशेजारी आणून घातली. गार्ड काहीतरी पुटपुटला. मी त्याला उलट बोललो नाही.

गाडी सुटल्यावर आम्ही समोरासमोर बसलो. बराच वेळ नदी दिसत राहिली, आणि नदीच्या कडेने तो रस्ता.

"बघा," ती म्हणाली, "तो तुमचा रस्ता. तसा सोपा दिसतोय."

"दिसतोय."

"अजून राग आहे मित्रावर?"

"आहे. जाईल असं वाटत नाही."

"मग आता त्याला काय सांगणार?"

"सगळं सायकलवर केलं म्हणून सांगणार."

"मी खरं सांगणार," ती म्हणाली. "त्याच्या बायकोला. पहिल्याच हळदीकुंकवाला."

"सांग," मी म्हटलं, आणि तिचा हात उलटा करून तळव्यावरचे वळ किती उतरलेत ते पाहू लागलो.