सड्यावरचा मासा आणि माझी सही

ज्या सकाळी मी गाव सोडले, त्या सकाळी एस्टीच्या थांब्याआधी आई मला सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळपठारावर, घेऊन गेली. तिथल्या कातळात कोणा प्राचीन हाताने खोदलेला, माणसाहून लांब असा मासा आहे. गाव सोडणाऱ्याने त्याच्या शेपटीशी तांब्याभर पाणी ओतायचे. ते रेषेतून डोळ्यापर्यंत पोचले की माणूस परत येतो, अशी आमच्याकडची रीत. माझे पाणी वाटेत असतानाच एस्टी आली. "थांब रे, पोचू दे," आई म्हणाली. मी धावलो.

माझ्यासारख्या आठवी नापास माणसाने अंधेरीच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देण्याचे टेबल मांडावे आणि साहेबांनी त्याचा मसुदा दुरुस्तीविना स्वीकारावा, ही गोष्ट लहान नाही. गावच्या व मुंबईच्या भावकीस हे ठाऊक आहे. म्हणूनच भावकीच्या सामायिक सड्यावर जांभ्या दगडाची चिरेखाण काढण्याच्या अर्जाचे काम माझ्याकडे आले. मी सवयीने लिहिले: 'सदर जागा पडीक असून तीत कातळाखेरीज काहीही नाही.' खाली पहिली सही माझी.

परवा त्याच अर्जाची झेरॉक्स घेऊन शालन टेबलापाशी आली. माझी चुलत बहीण. माझ्यामागून गावातून निघाली, शिकली, पुरातत्त्वज्ञ झाली. गेली वीस वर्षे ती कोकणातले सडे झाडू आणि पाण्याची बाटली घेऊन पालथे घालते. बुजलेल्या रेषा ती पाणी सोडून शोधते. ही युक्ती कोणाची, असे विचारले की माझ्या आईचे नाव सांगते.

"काहीही नाही, असं लिहिलंस ना दादा?"

ते ठरलेले वाक्य असते, असे मी सांगू लागलो. तिने ऐकून घेतले.

"तू एस्टीत चढलास तेव्हा पाणी माशाच्या पोटापाशी अडलं होतं. काकूनं घरून कळशी आणली. डोळा भरेपर्यंत ओतत राहिली. मी होते तिथं."

आई गेली, तेव्हा मी कार्यापुरता गावी गेलो होतो. सड्यावर गेलो नाही.

तरी समस्त भावकीस कळवितो की, मी माझी संमती मागे घेत आहे. एका हिस्सेदाराने नकार दिला तरी खाण अडते. नव्या अर्जात लिहिले आहे: 'सदर कातळात एक मासा आहे. शेपूट पश्चिमेस, डोळा पूर्वेस.' मुंबईत मरोळच्या खोलीला मी घर म्हणतो. पण डोळे मिटून दिशा सांगता येतात त्या फक्त सड्यावरच्या.

अर्ज घेऊन उद्या स्वतः गावी निघत आहे. पाणी त्याच सकाळी पोचले होते. मीच पोचायचा राहिलो.