वेळ आली नव्हती, घोड्या नव्हत्या

सोमवारची मधली सुट्टी होती. बारामतीच्या आमच्या शाळेत मी पाचवीच्या वह्या तपासत बसले होते, आणि लासुर्ण्याच्या आमच्या वस्तीवरचा तुकाराम दारात येऊन उभा राहिला. मिळेल त्या मालट्रकमध्ये बसून आलेला, अंगभर धूळ. मला वाटलं, भाजीच्या करंड्यांचा काहीतरी निरोप असेल. तो म्हणाला, "आक्का, चला. दत्तूभाऊ गाडीखाली आला." मी विचारलं, "कुठल्या गाडीखाली?" त्यानं मान खाली घातली. "आपल्याच की वो... दारातल्या." दारात उभी असलेली, एक चाक काढून ठेवलेली जीप माणसाच्या अंगावर येते कशी, हे दुसऱ्या कुणाला चटकन कळलं नसतं. मला मात्र तिथल्या तिथं कळलं. त्याच दिवशी सकाळी सातपर्यंत मी त्या दारातच होते.

त्याला आता सहा आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी पत्र पाठवलं, भावाविषयी चार हळुवार शब्द लिहा म्हणून. हळुवार शब्द माझ्याजवळ नाहीत. सहा आठवडे मी एकच वाक्य ऐकते आहे, "त्याची वेळ आली होती." किराणा दुकानदार म्हणाला, शाळेतल्या बाई म्हणाल्या, भेटायला आलेली सोयरीधायरी पदर डोळ्यांना लावून म्हणाली. ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्यांचं सोडा, पण ज्यांना सगळं ठाऊक होतं तेच हे वाक्य सर्वांत मोठ्यानं म्हणत होते. ही वेळ येते तरी कशी, हा प्रश्न मला आता पडत नाही. आमच्या दारी ती आली तेव्हा मी पाहिली. तिच्या डोक्याला पांढरा पटका होता आणि आल्याआल्या तिनं तांब्याभर पाणी मागितलं होतं.

दत्तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मुलखाचा भिडस्त. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं आग्रह केला की ह्याच्या तोंडून "नको" निघायचं नाही. एकदा भिगवणच्या एका लग्नात लोकांनी चेष्टा म्हणून त्याला जिलब्या वाढत नेल्या आणि हा खात गेला... दोन दिवस ओवा चावत पडून होता. आई म्हणायची, भीड भिकेची बहीण, ह्याचं कसं होणार! आम्ही हसायचो. भिडस्त माणसाला आपल्याकडे चांगला माणूस म्हणतात, आणि चांगला म्हणून झालं की त्याला वापरायला मोकळे होतात. त्याची दावण, त्याची शिडी, त्याची सायकल वस्तीभर फिरत असायची. ती आणायला हाच जायचा आणि परत येताना दुसऱ्याचं काही काम अंगावर घेऊन यायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तो लष्कराच्या मोटार वर्कशॉपात भरती झाला, पार आसामच्या बाजूला. परतला तो हातात कला घेऊन. लढाई संपल्यावर लष्करी जीपा लिलावात निघाल्या, त्यातली एक त्यानं घरी आणली. पाटाच्या पाण्यावर आमची वांगी, टोमॅटो, पेरू चांगली येत, पण मळ्यातून भिगवणच्या स्टेशनापर्यंत माल पोचायचा म्हणजे बैलांचे आणि माणसांचे हाल. जीप आली आणि सकाळी तोडलेली भाजी त्याच दिवशी आगगाडीत चढू लागली. पळसदेवला शेवंताच्या माहेरी, म्हणजे माझ्या भावजयीच्या, ती गाडी पहिल्यांदा गेली तेव्हा पोरं नदीच्या उतारापर्यंत मागे धावली म्हणे. अडचण एकच होती. मळ्याच्या वाटेवर ओढा आहे. जुने पाटे बसले होते, त्यामुळे ओढ्यात उतरताना जीपचं नाक समोरच्या दरडीला धडकायचं. पाटे म्हणजे आसावर दोन्ही बाजूंना असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या चळती, खड्ड्यांचे दणके झेलणाऱ्या. त्यात एकेक पट्टी जादा घालायची, कमान वाढवायची आणि गाडीचं नाक तीन बोटं वर घ्यायचं, असं दत्तूनं ठरवलं.

त्याचं काम बघण्यासारखं असे. वर्षभर आधीपासून त्यानं अंगणाचा एक कोपरा मुरूम टाकून ठोकून ठोकून दगडासारखा केला, जॅक जमिनीत रुतू नये म्हणून. मोडीत निघालेल्या ट्रकचा पाटा इंदापुरातून आणला. लोहार तो भट्टीत घालायला निघाला, तर ह्यानं त्याचा हात धरला. "तात्या, तापवायचा न्हाय. पाणी उतरंल त्येचं, मग नुसता पत्रा." लोहार फुरंगटला, पण दत्तू हलला नाही. दीड दिवस बसून थंडच ठोकून घेतला. लोखंडासाठी त्याला नाही म्हणता यायचं, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

आणि घोड्या. बाभळीच्या जाड लाकडाच्या चार तिवया त्यानं स्वतः घडवल्या होत्या, गुडघाभर उंचीच्या, पाय फाकलेल्या, प्रत्येकीवर तापल्या खिळ्यानं "द" डागलेला. गाडी जॅकनं उचलायची, चासीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, घोड्या सारायच्या, जॅक सैल करून सगळा भार घोड्यांवर घ्यायचा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, मग गाडीला खांदा देऊन जोरात हलवून बघायची. एवढं झाल्याशिवाय तो गाडीखाली हातसुद्धा घालत नसे. मी एकदा कंटाळून म्हणाले, "जॅक लावलाय की, आता आणखी सोहळा कशाला?" तो म्हणाला, "आक्का, जॅक उचलायला असतोय, धरायला न्हाय." मग आसामची गोष्ट सांगितली. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा एक गढवाली मिस्त्री, फक्त पाच मिनिटांचं काम म्हणून नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरला होता... एवढं सांगून दत्तू कापसाच्या बोळ्यानं हात पुसत बसला. म्हणजे माझा भाऊ अडाणी नव्हता, बेफिकीर नव्हता. त्याला सगळं ठाऊक होतं. माझ्या संतापाचं मूळ हेच आहे.

अपघाताच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी वस्तीवर होते. त्या दिवशी डावी बाजू पुरी झाली. जुने बोल्ट रॉकेल घालून सोडवले, पाटा बसवला, नट आलटून पालटून सारखे आवळले. उजवी बाजू सोमवारवर राहिली. सोमवारी सकाळी मी एसटीसाठी निघायच्या तयारीत असताना पांढऱ्या पटक्यातले आबा आले. नाव लिहीत नाही, गावाला ठाऊक आहे. आमचे वडील गेल्यावर पाटाच्या पाण्याची आमची पाळी ह्यांनी कुणाला हिसकू दिली नव्हती. गावात शाळा ह्यांच्याच खटपटीनं उभी राहिली. पाणी पिऊन ते म्हणाले, "दत्तू, त्या घोड्या लागत्यात बग. परवा शाळंच्या नव्या खोलीचं उद्घाटन. स्टेजाला फळ्या हायत, खाली द्यायला कायबी न्हाय." दत्तू म्हणाला, "आबा, आजून एक बाजू ऱ्हायलीया." आबा हसले. "आरं मंग कर की! पावनं परवा भिगवणला उतरत्यात, त्यास्नी आणाया तुजीच जीप लागनार. उद्यापतुर तयार ठेव." घोड्या आज पाहिजेत आणि गाडी उद्या पाहिजे! एका दमात दोन्ही मागितलं त्यांनी, आणि त्यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटलंसुद्धा नाही.

तेव्हा दत्तूनं माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून कुणाला नाही म्हणायची वेळ आली की तो असाच माझ्याकडे बघायचा, आणि मी त्याच्यावतीनं भांडायची. शेवंता मळ्यात वांगी तोडत होती, अंगणात आम्ही तिघंच. चाळीस मुलींचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी बाई मी. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "शाळंचंच काम हाय की. दे." त्यानं पुन्हा जॅक लावला, गाडी उचलली, घोड्या स्वतःच्या हातानं ओढून काढल्या, गाडी खाली घेतली. चारही घोड्या आबांच्या बैलगाडीत चढल्या आणि मी माझी पिशवी घेऊन एसटीच्या वाटेला लागले.

पुढचं शेवंतानं सांगितलं तेवढंच. त्यानं गाडी पुन्हा उचलून उजवं चाक काढलं आणि घोड्यांच्या जागी विटांची चळत रचली. वीट भार घेते, पण जरा हिसका बसला की फुटते, हेही तो मला कितीदा तरी म्हणाला होता. उजव्या बाजूचा बोल्ट गंजलेला होता. त्यानं पान्याला जोर लावला असेल. शेवंता वांग्यांची पाटी घेऊन आली तेव्हा अंगणात विटांचा लाल भुगा पसरला होता. वस्तीवरच्या सहा जणांनी मिळून गाडी उचलली... उपयोग नव्हता. उद्घाटन पुढे ढकललं गेलं, तेवढी माणुसकी गावानं दाखवली.

तेराव्यानंतर शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. आमच्याकडे बैल गेल्यावर झोपा करायची रीत जुनीच आहे. जिवंतपणी ज्याला एक दिवस स्वस्थ बसू दिलं नाही, त्याच्या परोपकारावर चौघे भरभरून बोलले. शेवटी आबा उठले. म्हणाले, "लई गुणी पोरगं. पन काळापुढं कुणाचं चालतंय? येळ आली व्हती त्येची." त्याच वेळी वारा सुटला आणि स्टेजावरून पुढं सोडलेली सतरंजी उडाली. फळ्यांखाली चार घोड्या होत्या. पुढच्या दोन्हींवरचा "द" मला बायकांच्या रांगेतून स्वच्छ दिसला. माणूस मेला, जळला, त्याचा तेरावा झाला, आणि त्याच्या घोड्या परत आणून द्याव्यात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही! त्यांच्यावरच उभं राहून हे त्याच्या वेळेविषयी बोलत होते.

मी उठले. आवाज कसा निघाला ते माहीत नाही. "आबा, वेळ बिळ काय आली न्हवती. घोड्या न्हवत्या. त्या तुमच्या पायाखाली हायत."  कुणीतरी मागून "बसा, बसा" म्हणालं. आबांनी खाली वाकून बघितलं, आणि खरं सांगते, त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. पण ते बोलले ते खोटं नव्हतं. "पोरी, मी काय हिसकून न्हेल्या का? तूबी तितंच व्हतीस. तूच म्हनलीस न्हवं का, दे म्हनून?"

शेवंता माझ्या शेजारी बसली होती. तिला हे ठाऊक नव्हतं. तेरा दिवस मी तिच्यासोबत चूल पेटवली, तिला जेवू घातलं, आबांना आणि अख्ख्या गावाला शिव्या दिल्या, आणि हे एक वाक्य गिळून होते. आता खोटं बोलता आलं असतं. सभेनं माझंच ऐकलं असतं, मी बहीण होते. मी म्हणाले, "व्हय. मी म्हनले. तुमी मागितल्या, मी द्यायला लावल्या. आपुन दोगांनी मिळून मारला त्याला." मग मी खाली बसले. आबा स्टेजावरून उतरले, आणि तुकारामनं एकेक फळी काढायला सुरुवात केली.

घोड्या त्याच संध्याकाळी घरी आल्या. शेवंता माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. मी रजा वाढवून राहिले, तिनं जा म्हटलं नाही आणि राहा म्हटलं नाही. गाडीची उजवी बाजू इंदापूरच्या एका मिस्त्रीनं पुरी केली. चारही घोड्या लागेपर्यंत मी त्याला गाडीखाली जाऊ दिलं नाही, तो कुरकुरला तरी. नवव्या दिवशी भाकरी थापता थापता शेवंता म्हणाली, "वन्सं, आता घोड्या मागाया कुनी आलं, तर न्हाय तुमी म्हनायचं. मी त्यात पडनार न्हाय." हा राग होता की क्षमा, मी विचारलं नाही. दर शनिवारी शाळा सुटली की मी वस्तीवर येते.

गेल्या रविवारी डाळजचे एक लांबचे सोयरे आले. घरी लग्न आहे, पाण्याची पिंपं ठेवायला घोड्या हव्या होत्या, चार दिवसांसाठी. वडीलधारे, चांगले गृहस्थ. शेवंतानं पदराला हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "न्हाय." त्यांना वाटलं मी ऐकलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा मागितल्या. मी पुन्हा म्हणाले, "न्हाय, मामा. मिळायच्या न्हाईत." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. शिकलेल्या बायकास्नी माणुसकी कमीच." पायताण घातलं आणि तरातरा गेले. वाटेत भेटेल त्याला माझ्याविषयी सांगत गेले असतील. शेवंता परत वांगी निवडायला बसली. नाही म्हटलं तर एवढंच झालं. ह्यापेक्षा जास्त काहीही झालं नाही.